चोरांनी ओढलेली बाज

माझ्या सासूबाईंचे डोळे मावळत चालले होते. दिव्याची ज्योत दिसायची, पण तारा दिसेनासा झाला होता. त्यांना हळहळ कशाची, तर म्हातारीच्या बाजेची. पुस्तकातले सप्तर्षी आमच्या चिमूरकडे ऋषी-बिषी कोणी नाहीत. चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या बाजेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे ती बाज ओढून न्यायला आलेले चोर. म्हातारीचा डोळा लागला की बाज गेलीच. म्हणून ती झोपतच नाही.

"एकडाव दिसली पाह्यजे होती मले," सासूबाई म्हणायच्या.

हे माझ्या लेकीनं मनावर घेतलं. नागपूरला शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर आणि आकाशाच्या नकाशाची सीडी घेऊनच आली. भर दुपारी पडद्यावर रात्र पडली! पण बाजेच्या जागी कुठल्याशा परदेशी अस्वलाच्या रेघा.

"आई, या पुसता येतात," लेक म्हणाली. "आपल्या मारता येतात. एका ताऱ्यावर टिचकी, मग दुसऱ्यावर."

मी तेव्हा भूगोलाची बाई. तालुक्यातलं सगळं ज्ञान आपल्याच पदराला बांधलंय, अशी चालायची. आता आजी झालेय, म्हणून त्या बाईची खुशाल टिंगल करते. त्या बाईनं माऊस हिसकावला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखून दाबत बसली! लेकीनं तो हळूच टेबलावर ठेवला, त्यावर माझा हात ठेवला. हसली नाही हो. तिच्या जागी मी असते तर गल्लीभर सांगून आले असते.

चार रेघा जमल्या, पण बाज तिरकी.

"हा तारा जरा खाली सरकव, बाज सरळ होऊ दे," मी हुकूम सोडला.

"आई, रेघा आपल्या आहेत. तारे नाहीत."

मागून सासूबाई कडाडल्या, "काऊन सरळ करून राह्यली वो? चोर पाय ओढून राह्यला ना तिचा! सरळ केली त मंग ते तिघं का पाव्हने म्हनून आले?"

लेकीनं बाज तिरकीच राहू दिली. चोरांची रांग जोडली, रेघा जाड आणि पिवळ्याधमक केल्या, नकाशा पडदाभर मोठा केला. सासूबाईंनी नाक काचेला टेकवलं. मग बोटानं एकेक पाय चाचपू लागल्या.

"हा… हा… अन् हा मिणमिणता. याच्यावरच हात हाय चोट्ट्याचा."

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा.

"गेलं! सगळं गेलं!" मी गळाच काढला.

"नेली वाटते," सासूबाई म्हणाल्या, पण खुर्चीवरून हलल्या नाहीत.

लेक शांत. तिनं मघाशीच सगळं सेव्ह करून ठेवलं होतं. लाईट आली, मशीन कुरकुरत उठलं आणि बाज जिथल्या तिथं, तशीच तिरकी.

सासूबाईंनी पहिल्या चोरावर बोट आपटलं.

"जागीच होती मी, मेल्याहो!"