पिकअपवाल्याचं फडकं

कॅनडातल्या रेजिना शहराबाहेरच्या एका शेतावर मी जुना अमेरिकन पिकअप ट्रक विकत घ्यायला गेलो होतो. विकणाऱ्या म्हाताऱ्याने सहा वर्षं खपून तो गंजातून उभा केला होता. मी हात लावला रे लावला, की तो खिशातलं फडकं काढून माझ्या बोटांचे ठसे पुसायचा. मनात म्हटलं, याला विकायचाय की देव्हाऱ्यात ठेवायचाय?

व्यवहार झाल्यावर सोबत आलेल्या माझ्या बायकोने बॉनेटवर हळदकुंकू लावलं. म्हाताऱ्याचा हात फडक्याकडे गेला आणि थांबला.

"हे पुसायचं नसतं ना?" त्याने विचारलं.

"नाही, राहू द्यायचं."

त्याने फडक्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. घराकडे परत जाताना त्याचा हात दोनदा त्या रिकाम्या खिशात गेला.