आधी कोण ते विचार

गजभिये सरांनी मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. "'रन'ला मराठीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "धावणे." नुकतीच एम.ए. झालेली, मनात म्हटलं हा काय प्रश्न झाला.

सर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "कोण धावतंय?"

मग तेच म्हणाले, "नळ असेल तर वाहतो. मशीन असेल तर चालतं. साडी असेल तर रंग जातो. नाक असेल तर गळतं. तू कुणाला धावायला लावलंस?"

"कुणालाच नाही, सर."

"ठीक आहे. सोमवारपासून ये."

साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं भाषांतराचं ऑफिस होतं. चार टेबलं, एक पंखा आणि कोपऱ्यात मालक निमेशभाईंची काचेची केबिन. आजूबाजूच्या लहान कारखान्यांची कामं यायची. मशीनवर लावायच्या सूचना, औषधाच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, असलंच सगळं. त्या कामात ना नाव ना कौतुक. पण सर असे बसायचे की जणू त्यांच्या वाक्यावाचून कारखान्याचं कुलूप उघडणार नाही. सुरुवातीला मला त्याचं हसूच यायचं.

'रन' हा त्यांचा नाद होता. चपलांच्या एका खोक्यात त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे जमवले होते. एका तुकड्यावर त्या शब्दाचा एक अर्थ, त्याला मराठी शब्द, आणि खाली तो शब्द ज्यानं दिला त्याचं नाव. 'रंग जातो' खाली लाँड्रीवाल्याचं नाव, 'वाहतो' खाली आमच्या प्लंबरचं. शंभराच्या वर तुकडे असतील. 'धावणे' हा शब्द त्यात फक्त दोनदा होता, त्याचा त्यांना कोण आनंद. "अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला धावतो," ते सांगायचे, "आपल्याकडे उभा राहतो. आणि निवडून आला की बसतो." एकदा रविवारी दुपारी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, एखादी गोष्ट बापापासून मुलापर्यंत उतरली तर काय म्हणशील? ती वैतागून म्हणाली, "हा वेडेपणा तुमच्या घराण्यातच आहे." सरांनी उष्ट्या हातानं पेन शोधलं. तो तुकडा मी पाहिला आहे, त्यावर आमटीचा डाग होता.

आम्ही एखादा शब्द विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "शब्द नंतर. आधी कोण ते विचार." कोण वाचणार, कुठे उभं राहून वाचणार, तेव्हा त्याच्या हातात काय असणार. शब्दकोश बघायला त्यांची ना नव्हती, पण तो सगळ्यात शेवटी.

यातूनच त्यांचा एक नियम निघाला होता. सूचनांचा कागद छापायला जाण्याआधी आमच्यातल्या कुणीतरी कारखान्यात जायचं. त्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्याला सांगायचं, आता यात म्हटलंय तसं करून दाखव. मग कागदाच्या तळाशी लिहायचं, 'वाचून दाखवले', पुढे त्या माणसाचं नाव. ते नाव बघून सर सही करत. चौकशी कधी करत नसत.

हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. सर भंडाऱ्याकडचे. मुंबईत आल्यावर पहिली दहा वर्षं त्यांनी याच भागात लेथवर काम केलं, नोकरी करता करता बी.ए. केलं. म्हणाले, "मशीनवर इंग्रजी पाटी होती. मला वाचता येत होती. बाजूच्याला नाही. तो मला विचारायचा नाही ना पण, लाजायचा. मला माहीत होतं त्याला येत नाही, तरी मीही कधी वाचून दाखवली नाही. काऊन दाखवली नसेल?" पुढे त्या माणसाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निमेशभाईंना हा नियम डोळ्यांत खुपायचा. कॉम्प्युटर एका मिनिटात भाषांतर करून द्यायला लागला तसा जास्तच. "अरे सर, अर्धा दिवस तुम्ही लोक कारखाने फिरता. आता जमाना बदलला ना." सर शांतपणे म्हणाले, "वाचून दाखवायचं बंद करा, मी यायचं बंद करतो." साठी उलटलेला माणूस, हे सोडलं तर दुसरं कोण काम देणार होतं. निमेशभाईंनी तेव्हा विषय सोडला, पण ते निमित्त शोधतायत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सरांनाही दिसत असणार.

ते निमित्त मी दिलं.

फरसाणाची पाकिटं भरणाऱ्या एका कारखान्याचा कागद होता. तापलेल्या दोन पट्ट्या मिटतात आणि पाकिटाचं तोंड चिकटतं, असं ते मशीन. वाचून दाखवायला मी जायचं होतं. न जाण्याचं कारण सांगायचं तर सांगण्यासारखं काही नाही. ऊन होतं, कंटाळा आला होता. मी खाली जाऊन ज्यूस प्यायले, तासाभरानं वर आले आणि त्याच कारखान्याच्या जुन्या कागदावरचं नाव उचलून नव्यावर लिहिलं. कांता जाधव. सरांनी नाव बघितलं, सही केली. कागद छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनवर लागला.

आठवड्याभरानं तिथल्या सुपरवायझरचा सरांना फोन आला. त्याला आणखी एक प्रत हवी होती. बोलता बोलता तो हसत म्हणाला, कांताबाई तर दिवाळीपासून गावाला आहेत, तुम्ही वाचून कुणाला दाखवलंत? सरांनी फोन ठेवला आणि माझ्या टेबलाशी आले. "वैशाली, कांताबाई तुला कुठे भेटल्या?" मी हातातलं पेन खाली ठेवलं. "चल," ते म्हणाले. पाच मिनिटांचा रस्ता. मला वाटत होतं रागावले तर बरं होईल.

कांताबाईंच्या जागी सुरेखा नावाची मुलगी होती. सरांनी मला कागद वाचायला लावला. मी वाचलं, "पाकीट अडकल्यास लाल बटण दाबा. पट्ट्या थांबतील. मग पाकीट काढा." सर तिला म्हणाले, "समजा, आता अडकलंय. कर बघू." तिनं एक हात पाकिटाकडे नेला आणि दुसरा लाल बटणाकडे. सरांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. थांबवायचं लाल बटण कधीच तुटलं होतं, त्याच्या जागी काळं बसवलेलं. मशीनवर लाल असं एकच बटण उरलं होतं, आणि ते पट्ट्या मिटवायचं. माझ्या भाषांतरात एका शब्दाची चूक नव्हती. कांताबाई असत्या तर त्यांना ते बटण माहीत होतं. सुरेखाला कामाला लागून चौथा दिवस होता.

सरांनी तो कागद स्वतःच्या हातानं काढला, घडी केली, खिशात घातला.

ऑफिसात येऊन त्यांनी निमेशभाईंना सांगितलं, कागद पुन्हा छापावा लागेल. निमेशभाईंनी तळाची ओळ वाचली. "इथे तर लिहिलंय वाचून दाखवले. सही तुमची. म्हणजे वाचून दाखवूनपण चूक राहतेच ना? मग हे फिरणं कशासाठी, तुम्हीच सांगा."

मी दोन टेबलं सोडून बसले होते. सर माझं नाव घेतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले. खरं तर वाचून दाखवलं म्हणूनच त्या दिवशी चूक सापडली, त्या मुलीचा हात वाचला, नियम खरा ठरला होता. माझ्या खोट्या ओळीमुळे तोच खोटा ठरला आणि ते मी बघत बसले. महिनाअखेरीस नियम बंद झाला. सर बोलल्याप्रमाणे यायचे बंद झाले.

दोन महिन्यांनी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी म्हटलं, "सर, ते नाव मी खोटं लिहिलं होतं." 

"मला माहीत आहे. निमेशभाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? ज्याला माहीत नाही त्याला सांग." आवाजात राग नव्हता. बशी पुढे सरकवून म्हणाले, "चकली घे, घरची आहे."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन निमेशभाईंना सगळं सांगितलं. वाटलं, काढतील. त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तेव्हाच बोलायचं ना, वैशाली. त्या दिवशी बोलली असतीस तर मी सरांना जाऊ दिलं नसतं." आणि पुन्हा फोन उचलला.

हे खरं होतं की नुसतं बोलण्यापुरतं, मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर दीड वर्षानं सर गेले. झोपेतच गेले, आजारपण नाही. तोवर मी त्यांच्याकडे सात-आठ वेळा जाऊन आले. एकदा त्यांनी विचारलं, "मग, सांगितलंस का त्यांना?" मी म्हटलं, हो सांगितलं. "काय म्हणाले?"

"काही नाही, सर," मी म्हटलं. "ऐकून घेतलं."