हात न लावलेली रोपे

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तापमानाला रकाना असतो, वेळेला असतो. फजितीला मात्र नसतो! त्यामुळे हॅमिल्टनच्या आमच्या हरितगृहातले किस्से माझ्याजवळ तोंडीच साठत गेले. हा गेल्या हिवाळ्यातला ऐवज. बहुतेक सगळा सायलीचा.

*

सायली सांगोल्याची, येथे पीएचडी करणारी. मी येथला जुना, मराठी तंत्रज्ञ, म्हणून तिचा ‘काका’. काम असे: टोमॅटोच्या रोपावर अळी सोडायची, तिला तासभर पान खाऊ द्यायचे, मग ते पान तत्काळ गोठवून रोपाची कोणती जनुके जागी झाली ते पाहायचे. पहिल्याच दिवशी सायलीने अळी चिमटीत धरली आणि चिरडली!

“सॉरी काका, सवय! घरच्या बागेत हेच करतो ना!”

आमच्या प्रमुख मार्गारेटबाई शांतपणे म्हणाल्या, “ती आपली कर्मचारी होती.”

*

जानेवारीत नव्या अळ्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणायच्या होत्या. थंडीने त्या मरू नयेत म्हणून सायलीने डबा जॅकेटच्या आत छातीशी धरला. बसमध्ये शेजारच्या आजींनी विचारले, “लंच का?”

“नाही, ह्यांनाच लंचला नेतेय!” म्हणत तिने झाकण उघडले. पुढचा सगळा प्रवास तिला दोन सीट मिळाल्या!

*

फेब्रुवारीत मात्र हसू मावळले. तुलनेसाठी काही रोपांना अळी लावायचीच नसते. त्यांची संरक्षक जनुके निजलेली हवीत. सायलीच्या तपासणीत तीही टक्क जागी! म्हणजे सारा हिवाळा वाया. जूनमध्ये प्रबंध गेला नाही, तर पुढचे वर्ष गेले आणि पीआरचा, म्हणजे ह्या देशात कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्जही लांबला.

“काका, एखादी अळी पळाली असेल हो!”

भिंगे घेऊन आम्ही पान न् पान तपासले. सापडले ते माझे गेल्या वर्षी हरवलेले पेन!

*

शेवटी मार्गारेटबाईंनी विचारले, “सकाळी आत गेल्यावर तू काय काय करतेस? क्रमाने सांग.”

“लाइट चेक करते. पाणी घालते. मग अळी नसलेल्या रोपांना गुड मॉर्निंग करते.”

“म्हणजे?”

सायलीने रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवला. “बाकीच्यांना अळ्या खातात. निदान ह्यांचे तरी लाड!”

बाईंनी कपाळाला हात लावला. कुरवाळणे आणि कुरतडणे ह्यांतला भेद आपल्याला कळतो. रोपाला मात्र रोजच्या नुसत्या स्पर्शानेही धोक्याची चाहूल लागते.

*

नवी रोपे लावली. आता पाणी घालून झाले, की सायलीचे हात थेट खिशात. एकदा आई सांगोल्याहून व्हिडिओ कॉलवर होती.

“अगं, त्या पानावर अळी बसलीय! काढ की आधी!”

“आई, राहू दे! तिच्यावरच माझी डिग्री बसलीय!”

*

मे महिन्यात निकाल हाती आला. अळीने खाल्लेल्या रोपांची जनुके जागी, हात न लावलेल्यांची गाढ झोपेत! प्रबंध वेळेत जाणार होता. सायली रडत होती की हसत होती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रयोग संपला की रोपे खताच्या पेटीत जातात. ट्रॉली लोटता लोटता ती थबकली.

“मार्गारेट, आता चालेल?”

बाईंनी घड्याळ पाहिले. दुपारचे चार वाजले होते. त्यांनी हातमोजा काढला, सायलीच्या आधी आपणच पहिल्या रोपावरून तळहात फिरवला, आणि म्हणाल्या, “गुड मॉर्निंग!”