मीटर येईपर्यंत

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानात होती. फील्ड हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंट, रँक सुभेदार. किरणोत्सर्गाचा कोर्स केलेला, म्हणून किरणोत्सर्ग मोजायचा युनिटचा मीटर माझ्या ताब्यात असे. रोज सकाळी बॅटरी तपासायची, रीडिंग घ्यायचं, मीटर कपाटात ठेवायचा. एरवी त्याचं काम पडत नसे.

एका दुपारी फायरिंग रेंजच्या रस्त्यावर लष्कराची एक गाडी उलटली. पाइपलाइनचं वेल्डिंग तपासायचा किरणोत्सर्गी सोर्स तिच्यात होता, जाड कवचाच्या पेटीत. गाडीवर ड्रायव्हर होते नाईक सुभाष खरात, म्हसवडचे. पेटी बाहेर फेकली गेली. तिच्यावरचं पिवळं चिन्ह बघून सोबतच्या एस्कॉर्ट गाडीतले जवान मागे सरले. शिकवल्याप्रमाणे त्यांनी रस्ता बंद केला आणि मीटर मागवला. खरातांची मांडी फाटली होती. ते केबिनमधून हाका मारत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा हाका थांबल्या होत्या. मी मीटर पुढे धरून चालत गेलो.

"रीडिंग?" रेडिओवर कमांडिंग ऑफिसर साहेबांनी विचारलं.

"सेफ, सर. पेटी शाबूत आहे. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर गेला, सर."

कुणी मांडीला पट्टा आवळला असता तर ते वाचले असते. शवपेटीबरोबर म्हसवडला मीच गेलो. त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी विचारलं, तेव्हा घडलं तसं सांगितलं.

आता मी साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षी सांगलीच्या एका रुग्णालयाने मला मॉक ड्रिल आखायला बोलावलं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचे आरोग्य कर्मचारी येणार होते. प्रसंग असा ठरवला, की कारखान्यात स्फोट होऊन किरणोत्सर्गी धूळ उडाली आहे आणि जखमी दारात आले आहेत. रुग्णालयाने गेटवर तपासणीचा आणि धुण्याचा तंबू उभारला होता, मगच आत प्रवेश. मी एकच भर घातली. जखमींमध्ये एकाची मांडी फाटलेली असेल, आणि हे आधी कुणाला सांगायचं नाही.

रुग्णालयाचाच एक ड्रायव्हर लाल रंग लावून स्ट्रेचरवर झोपला. मीटरवाला रांगेतल्या पहिल्या जखमीपाशी होता. बाकीचे अंगभर संरक्षक सूट येण्याची वाट बघत लांब उभे राहिले. ड्रायव्हर कण्हत होता, काही जण हसत होते. मी थोडा वेळ थांबलो. मग जाऊन त्याच्या तोंडावर चादर ओढली.

"हा गेला," मी म्हणालो.

मग सगळ्यांना जवळ बोलावून खरातांचं सांगितलं. जतच्या कुंभार सिस्टर वयाने मोठ्या, त्यांनी सरळ विचारलं, "आवं साहेब, त्याला हात लावून आमी मरायचं का?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, मास्क, गाऊन आणि दोन जोड हातमोजे घातले की अशा पेशंटजवळ जाता येतं. आधी रक्त थांबवायचं. कपडे उतरवले की बरीचशी धूळ त्यांच्याबरोबर जाते. मोजणं आणि धुणं त्यानंतर.

ड्रिल पुन्हा घेतली. कुंभार सिस्टर सूटसाठी थांबल्या नाहीत. मास्क, गाऊन, हातमोजे घालून सगळ्यांत आधी त्याच पोहोचल्या आणि पट्टा आवळला. गाठ पक्की बसली.

परतीच्या वाटेने न जाता मी म्हसवडला गेलो. शालनवहिनी आता अंगणवाडीत मदतनीस आहेत. मुलं घरी गेली होती, त्या पातेली घासत होत्या. मी ड्रिलचं सांगितलं.

"लावला का हात कुणी?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्या खेपेला लावला."

त्यांनी पातेलं पालथं घातलं.

"ह्यांना दुसरी खेप न्हवती, भावजी."

मी पुढचं पातेलं विसळायला घेतलं.

नाईक सुभाष खरात गाडी जपून चालवायचे. वाटेत कुणी जखमी दिसला की उतरून आधी त्याच्यापाशी जायचे. त्यामुळे गाड्यांच्या ताफ्याला उशीर झाला म्हणून एकदा बोलणीही खाल्ली होती.