सिल्विनोने रंगवलेली नदी

सिल्विनो ओकांपोसला चिडलेला मी वीस वर्षांत दोनदाच पाहिला. एकदा कुणीतरी त्याच्या कीबोर्डवर कलिंगड कापलं तेव्हा, आणि एकदा मी त्याच्या नदीच्या चित्राला थर्मामीटर म्हटलं तेव्हा. एरवी माणूस म्हणजे गरीब गाय. सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, काखेत थंड पाण्याचा थर्मास, आणि बोलणं असं की शेजारच्याला कान पुढे करावा लागावा.

असुन्सिओनच्या आमच्या बान्यादोत, म्हणजे नदीकाठच्या सखल वस्तीत, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चढाच्या तोंडाशी आहे. दुकानापुढे माझा खलबत्ता. तेरेरेच्या, म्हणजे माते नावाच्या पानांच्या थंड चहाच्या, पाण्यात घालायचा पाला आणि मुळ्या मी कुटून विकते. त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय आणि कुणाचं मन, हे मला पाद्र्याच्या आधी कळतं. सिल्विनोचं मन कशात आहे हेही मलाच आधी कळलं. बाईत नव्हतं, दारूत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जी छोटी चित्रं मांडता येतात ना, घड्याळं, हवामान, बॅटरीचे गोल, त्यांत होतं. दुरुस्तीला आलेलं कुठलंही मशीन तो सजवल्याशिवाय परत देत नसे. खाटकाने तक्रार केली होती, "मी आवाज येत नाही म्हणून दिलं, याने मला चंद्र काढून दिला!"

नदीचं चित्र मात्र त्याने सगळ्यांसाठी काढलं. दुकानातला एक पडदा रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर एक उभी पट्टी. रोज सकाळी रेडिओवर बंदरातल्या पाण्याच्या उंचीचा आकडा आला की तो भरायचा, आणि पट्टी तेवढी वर चढायची. आधी तिला तीन सरळ रंग होते, हिरवा, पिवळा, लाल. मंगळवारी पिवळी बघून घोरत पडलेली माणसं बुधवारी लाल बघून हातगाड्यांसाठी एकमेकांच्या उरावर बसली. नदी चढली होती एक सेंटिमीटर.

"नदी काय जिन्याने येते?" सिल्विनो म्हणाला. "रंगसुद्धा हळूहळूच बदलायला हवा."

मग तो ग्रेडियंटच्या मागे लागला. आकार काढायचा आणि त्यात एका रंगातून दुसरा रंग उतरवत न्यायचा, तेही आकड्यांनी सांगून. पहिल्या खेपेला कोन चुकला आणि रंग आडवे पसरले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. मी विचारलं, "काय रे, पूर यंदा पलीकडून, अर्जेंटिनाच्या बाजूने येतोय का?" दोन दिवस तो माझ्याकडे पाला घ्यायला आला नाही.

मग रुसवा सोडून समजवायला आला. "हे बघ मावशी, पायथ्याला शून्य, माथ्याला एक. पिवळा मी बरोबर मध्ये ठेवलाय. जरा वर सरकवला तर कसा दिसेल?"

"पिवळाच दिसेल."

"तुला नाही कळायचं."

"मग विचारतोस कशाला, मेल्या?"

रविवारी प्रार्थनेनंतर त्याने पट्टी पूर्ण भरून दाखवली. खरं सांगते, सुंदर होती. खालचा हिरवा कुठे संपला आणि वरचा लाल कुठे लागला, डोळ्याला कळत नव्हतं. बाजूला माप काढलं नव्हतं. आकड्यांनी चित्र विटतं म्हणे. लोकांना त्याने एकच सांगितलं, "पाण्याच्या टोकाला लाल दिसलं की घर उचला."

सोमवारी सकाळी त्याने खरा आकडा भरला आणि कुणाच्या तरी मशीनसाठी बाजारात गेला. पट्टी अर्ध्यावरच होती, पण टोक लालभडक.

बाकीच्यांनी डोकं खाजवलं. पेर्पेतुआ साम्युदिओने घर उचललं. न्या पेर्पेतुआ, आम्ही सगळे आदराने न्याच म्हणतो, वय चौऱ्याहत्तर, एकटी राहायची, चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, भाजून विकायची. तिचं प्लायवुडचं घर दरेक पुराला मोडून वरच्या चौकात नेलेलं, त्यामुळे हात बसलेला. दुपारपर्यंत भिंती चौकात उभ्या. दुसऱ्या दिवशी नदी दोन सेंटिमीटर उतरली. वस्ती हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? हट्टापायी ती अकरा दिवस तिथेच बसून राहिली, आणि परतली तेव्हा तिच्या भट्टीच्या विटा कुणीतरी उपसून नेल्या होत्या.

सिल्विनोला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी चूक सापडली. रंगांची ती उतरण आकाराच्या मापाने पसरते. पट्टी छोटी असली तरी हिरव्यापासून लालपर्यंत सगळं ती तेवढ्यातच कोंबून बसवते. त्यामुळे नदी गुडघ्याएवढी असो की गळ्याएवढी, टोक लालच. आणि या शहाण्याने तपासलं होतं ते पूर्ण भरून!

"मी उलटं केलं होतं मावशी," तो म्हणाला. "आधी अख्खी नदी रंगवायची. मग जी अजून आलेली नाही, तेवढी वरून झाकायची." आता पूर्ण पट्टी कायमची रंगलेली असे, आणि तिच्यावरचं काळं झाकण पाण्याप्रमाणे वर सरके.

न्या पेर्पेतुआकडे तो माफी मागायला गेला, नव्या विटा घेऊन. विटा तिने ठेवून घेतल्या.

"तुझ्या रंगांचं मला आता काही सांगू नकोस. पाणी उंबऱ्याला लागलं की मी उठेन."

इथेच सगळी मेख होती. तिचं घर उंचवट्यावर, पण मागची गल्ली खोलगट. उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत गल्लीत माणूस बुडेल एवढं झालेलं असतं, आणि दुसरी वाट नाही. बाईला पोहता येत नव्हतं.

जूनमध्ये नदी खरीच आली. पट्टीचं टोक पिवळं झालं, नारिंगी झालं. लोक आठवडाभर निवांत सामान हलवत होते. भांडण नाही, हातगाड्यांची ओढाताण नाही. मी मनातल्या मनात सिल्विनोच्या पाठीवर थाप मारली. टोक लाल झालं तेव्हा खाली एकच घर उरलं होतं.

मी तिला समजवायला गेले. तिने मला मातेचा गरम चहा पाजला आणि माझ्या कंबरदुखीवर मलाच औषध सांगितलं. हात हलवत परत आले.

त्या रात्री पाऊस कोसळला आणि चढावरून येणारे ओहोळ फुगलेल्या नदीने अडवून धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिल्विनोने दुकानातलं मशीन, पडदा, तारा सगळं ढकलगाडीत घातलं आणि तिच्या घराकडे निघाला. काय करतोय बघावं म्हणून मी मागोमाग गेले. त्याने मशीन थेट तिच्या मातीच्या जमिनीवर ठेवलं, दाराजवळ. पडदा शेजारी.

"हे काय आणलंस?"

"माझं दुकान."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"तुम्ही राहणार ना? मग हेही राहील. चित्र खोटं असेल तर दोघंही कोरडी राहाल." आणि तो तिच्या खाटेवर जाऊन बसला.

त्या मशीनखेरीज त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. न्या पेर्पेतुआ चिपाचं पीठ मळू लागली. मळता मळता एकदा मागच्या दारातून डोकावली. परत मळलं, परत डोकावली.

"अरे ए, गल्लीत पाणी आलंय."

"असं?"

"घोट्याच्या वर गेलंय! ऊठ, उचल ते!"

"उंबऱ्याला लागू दे की, न्या," सिल्विनो म्हणाला, पण नजर मशीनवरून हलत नव्हती.

ती काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. सिल्विनोच्या आईपासून सुरुवात केली एवढं सांगते. पण बोलता बोलता तिने खाटेवरची चादर ओढली, पडदा तिच्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि आमच्या आधी बाहेर पडली. गल्लीत तिच्या पोटऱ्या बुडाल्या होत्या. मशीन सिल्विनोच्या खांद्यावर, भांड्यांचं बोचकं माझ्याकडे. भिंती काढायला वेळच उरला नाही. दुपारी चौकातून बघितलं तेव्हा त्या गल्लीत कुंपणाच्या पत्र्यांची टोकं तेवढी दिसत होती, आणि तिचं घर एका बाजूला कललं होतं.

सिल्विनो तिच्यापुढे जमिनीवर बसला. "तुमचं घर गेलं, न्या. त्या दिवशी माझं चित्र चुकलं नसतं तर तुम्ही वेळेत उठला असता."

"फळ्या काय, कुठेही मिळतात," ती म्हणाली. "तुझं ते यंत्र बुडालं असतं, तर उद्यापासून वस्तीला सांगणार कोण होतं?"

गळ्याचं बटण काढून सिल्विनोने सदरा उतरवला आणि तिच्या पायांवरचा चिखल पुसत बसला.