भिंगरी आण्णाची शनिवारची खोली

सुमे, अशी जवळ ये. म्हणजे हा कागद जवळ घे आणि चष्मा लाव. पुण्याला गेल्यापासून आत्याचं अक्षर लागत नाही, असली सबब मला चालायची नाही. "बाप माझ्याजवळ पाच मिनिटं कधी बसला नाही," असं गेल्या खेपेला उंबऱ्यात उभी राहून बोललीस आणि चप्पल घालून निघालीस. मला तोंड तरी उघडू द्यायचंस गं!

तो कुणाजवळच बसला नाही. निपाणीत त्याला भिंगरी आण्णा म्हणायचे. चहा उभ्यानं, जेवण दारात, पेपर गल्लीतून चालता चालता. तंबाखूच्या वखारीत हाताला काम असेपर्यंत ठीक; पाचाला सुट्टी झाली की पाय सुरू, ते थेट गुत्त्यापर्यंत. "बसलं की आठवतं गं आक्का," म्हणायचा. काय आठवतं, ते मला विचारावं लागत नव्हतं.

शेवटी तुझ्या आईनं तुला कडेवर घेतलं आणि बेळगुंदीला माहेर गाठलं. जाताना माझ्याशी बोलली, त्याच्याशी नाही. "दारू सुटली तर न्यायला या म्हणावं. न्हायतर तोंड दाखवू नका."

मग बेळगावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, खासबागेत दर शनिवारी संध्याकाळी दारू सोडू बघणारी माणसं जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात. खोली कुठली, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. आम्ही बहीणभाऊ लाल गाडीनं निघालो. सीट मला दिली आणि हा बेळगावपर्यंत दांडी धरून उभा. ओठ हलत होते. तिथं काय बोलायचं, ते घोकत होता.

उतरल्या उतरल्या मला दम दिला, "रस्त्यात दारूचं नाव काढू नगंस. वळखीचं कोन भेटलं तर?" आता त्या शब्दावाचून विचारायचं कसं? विणकरांच्या मागांच्या खटखटाटात मी ओरडून विचारत सुटले, "शनिवारची माणसं कुठं जमत्यात?" एकानं देवळाकडं बोट केलं, तिथं भजन. दुसऱ्यानं विचारलं, "कुठनं आलाय? निपाणी? मग तालमीमागं जावा. सुरू झालंय बघा."

तालमीमागं पन्नासेक माणसं बसली होती आणि फेटेवाले एक आप्पा तावातावानं बोलत होते. आण्णा एक पाय दाराबाहेर ठेवून उभा. "पाव्हणं कुठलं?" आप्पांनी विचारलं. "निपाणी." अगं, टाळ्याच पडल्या! हाताला धरून त्याला पुढं नेलं. "बोला, निपाणीचं काय म्हननं हाय?"

आण्णानं डोळे मिटले आणि घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. "मी दारू पितो. बायकू लेकरू घिऊन गेलीया. सोडायची हाय, जमंना झालंय."

ती सीमाप्रश्नाची सभा होती! त्या दिवसांत आमच्याकडं चार माणसं जमली की दुसरा विषय नसायचा. मग मागून एक जण म्हणाला, "ह्यो कंच्या राज्यात जातो म्हनतोय?" आणि हशा फुटला.

आण्णा बाहेर पळाला, मागून मी. कोपऱ्यावरच गुत्ता होता. "तू गाडी धर आक्का, मी येतो," म्हणाला. आज तो आत गेला असता, तर बेळगुंदीची वाट कायमची बंद होती. मी त्याची बाही धरली. तेवढ्यात सभेतला एक विणकर धापा टाकत आला.

"ओ निपाणीकर, थांबा! ती खोली मला ठावं हाय, शाळंमागं. तीन शनवार झालं, तिकडं जायचं चुकवून मी हितं येऊन बसतोय. तुमी बोललासा, आता मला बसवंना. चला, दोघं असलं की भ्या कमी वाटंल."

खोलीला पाटी नव्हती. मघाशी आम्ही त्याच दारावरून दोनदा गेलो होतो.

पुढं दर शनिवारी तो गाडी धरायचा. एकदा एका लग्नात घसरला, आणि पुढच्या शनिवारी आपण होऊन सांगून आला. वरीसभरानं बेळगुंदीला गेला. तुझ्या आजोबांनी घोंगडं अंथरलं, तर हा अंगणात येरझाऱ्या घालतोय. तुझी आई जवळून गेली, थांबली. "वास न्हाय," एवढंच म्हणाली आणि ट्रंक भरायला आत गेली.

निपाणीत तशी खोली झाल्यावर तो अर्धा तास आधी तिथल्या कोपऱ्यावर जाऊन, आत यायला बिचकणाऱ्यांची वाट बघत उभा राहायचा. "दोनदा वळून येतो, तो आपला," म्हणायचा. तुझ्या शाळेचं गॅदरिंग शनिवारी आलं की त्याचं चुकायचंच. आणि तुझी वेणी अर्धी टाकून उठायचा, ते कंटाळून नव्हे गं. वास कधीच गेला होता, त्याला मात्र तो येत राहिला. पोरीला येईल म्हणून उठायचा.

शेवटी दवाखान्यात होता, तो शनिवारच. पाच वाजले तसे चादरीखाली पाय हलायला लागले. "आक्का, कोपऱ्यावर कोन हाय?"

"हाय कुनीतरी," मी म्हटलं. माझं खोटं त्याला कळायचं. मग मीच उठले आणि खोलीकडं गेले. कोपऱ्यावर स्वेटर घातलेला एक माणूस घुटमळत होता. "काय शोधताय?" "काय न्हाय." "मग बरोबर जागी आलाय, चला." त्याला आत घातलं आणि परत येऊन सांगितलं.

"किती येळा वळला?"

"तीनदा."

हसला. सकाळी गेला.

तेव्हापासून शनिवारी त्या कोपऱ्यावर मी असते. उभं राहवत नाही, म्हणून पानवाल्यानं स्टूल दिलंय. पण मी पडले बोलकी; परवा एक जण माझी बडबड ऐकूनच माघारी पळाला. तुझ्यासारखं कमी बोलणारं कुणी शेजारी पाहिजे. तेव्हा ये बाई, लवकर ये. आणि येशील ती शनिवार धरून ये.