कॉम्प्युटरचं झबलं

माराकाइबो शहरात ज्या वस्तूच्या अंगावर विणलेलं काही नाही, ती वस्तू अनाथ. आमच्या गल्लीत गॅसच्या टाकीला झालर, मिक्सरला घागरा, संडासातल्या कागदालासुद्धा टोपी. आणि त्यातलं निम्मं विणकाम दिल्सियाच्या हातचं. तिचा नवरा हेबेर्तो तेवढा उघडाबंब फिरायचा. "त्याच्या पोटाला दोरा पुरत नाही," म्हणायची.

हेबेर्तोनं जन्मभर टॅक्सी चालवलेली. मुलगा नेरिओ जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला आणि जाताना घरी कॉम्प्युटर ठेवून गेला, तेव्हा यानं आधी त्या डब्याची पाठ पाहिली. पॉवर सप्लायच्या जाळीवर तळहात धरला. "गरम हवा इथून फेकतोय. म्हणजे रेडिएटरच की!" मग रंगाच्या ब्रशनं जाळीतली धूळ झाडणं, डबा भिंतीपासून वीतभर पुढं ओढणं, हे त्याचं कामच होऊन बसलं. तरी आमच्या उकाड्यात आतला पंखा घरघरायचा तो घरघरायचाच.

दिल्सिया खाटेला खिळली, आणि ती घरघर तिच्या उशाशी आली. पडल्या पडल्या लेकाचं तोंड दिसावं म्हणून कॉम्प्युटर तिच्याच खोलीत मांडला होता. जहाज बंदराला कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून तो दिवसभर चालू.

"म्हाताऱ्या, त्याला गप्प कर. डोक्यात ट्रक फिरतोय माझ्या."

"बंद केला तर पोरगा बोलेल कशातून? माझ्या पोटातून?"

तिनं पुढं वाद घातला नाही. सुया मागवल्या आणि सुजलेल्या बोटांनी दुहेरी लोकरीचं झबलं विणलं, पुढून-मागून गच्च. "घे. आता बसेल गप्प."

"अगं, त्याला वारा..." हेबेर्तोनं तिची बोटं पाहिली आणि बाकीचं गिळलं.

झबलं चढवलं. घरघर बसली. त्या दुपारी दिल्सियाला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. तिचा डोळा लागला, की हा पाय न वाजवता झबलं काढायचा. ती कुशीवर वळली, की परत चढवायचा. शेजारची आउरिस्तेला खिडकीतून सगळं बघायची. "हेबेर्तो, लग्नाच्या रात्री तरी एवढ्या नजाकतीनं कपडे उतरवले होतेस का रे?"

"खिडकी लाव, भवाने! उठेल ती."

मग नेरिओचा निरोप आला. शनिवारी दुपारी बंदरावरून बोलतो, त्यानंतर कित्येक महिने समुद्र. तेवढे महिने दिल्सियापाशी नाहीत, हे डॉक्टरांनी हेबेर्तोला सांगून टाकलेलं.

शनिवारी ती झोपलीच नाही. पहाटेच आउरिस्तेलाकडून केस विंचरून घेतले, ओठ रंगवून घेतले.

"जरा डोळा मीट, राणी."

"मेल्यावर मिटायचेच आहेत."

हेबेर्तोनं टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवला. झबल्याच्या खालून भट्टीसारखी धग येत होती. "थोडा वेळ काढू का हे?"

"का? माझ्या हातचं नकोसं झालं?"

हेबेर्तोचा हात मागं आला.

दुपारी पडद्यावर नेरिओ उगवला, डोक्याला पांढरा रुमाल, तोंडभर हसू. "आशीर्वाद दे, आई!" आमच्यात लेकरं आधी हे म्हणतात, मग बाकी काही. दिल्सियानं हात उचलला, श्वास भरून घेतला. तेवढ्यात मागं टक्‌ झालं, करपट वास सुटला आणि पडदा काळा पडला.

"देव तुझं भलं करो, लेकरा," ती काळ्या पडद्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "गेला?"

"लाइन गेली."

"पण ऐकलं ना त्यानं?"

हेबेर्तोनं झबलं ओढून काढलं होतं. हाताला चटके बसत होते, तरी त्यानं ते सोडलं नाही. "ऐकलं."

"बघ, कसा गप्प झालाय," दिल्सिया लोकरीकडे बघत म्हणाली. चेहऱ्यावर केवढी ऐट! "तुला खोटं वाटत होतं."

जहाज दुसऱ्या बंदराला लागायच्या आत ती गेली. मग त्या बंदरावरून नेरिओचा फोन आउरिस्तेलाच्या घरी आला. हेबेर्तो दारातच फोन कानाला लावून उभा. पोरगा पुष्कळ रडला, मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी आईनं आशीर्वाद दिला का? मला ऐकूच आलं नाही."

"दिला."

"काय म्हणाली?"

टॅक्सीत शहरभर बडबडत फिरलेला हा माणूस. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. एकेक शब्द मोजत तो म्हणाला, "देव तुझं भलं करो, लेकरा."



"परत सांगा, बाबा."

हेबेर्तोनं परत सांगितलं.